मेणाने बंद केलेला चित्रपट

मित्रांनो, मी एक जुना चित्रपट आहे. टाळ्या वाजवायची घाई करू नका, कारण मला आता कुणी पाहू शकत नाही. पत्र्याच्या डब्यांत गुंडाळलेली लांबच लांब फीत, एवढेच माझे शरीर. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका घरी, खिडकीजवळच्या टेबलावर मी पडून असतो.

माझा जन्म एका चित्रकथेतून झाला. अंबादास नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते. लहानपणी त्यांनी एका विलायती चित्रकथेची पारायणे केली होती. तिच्यातला टोपीवाला घोडेस्वार दरोडेखोरांना धडाधड गोळ्या घालतो आणि मावळत्या उन्हात निघून जातो. अंबादासांनी त्यातली टोपी आणि घोडा तेवढा घेतला, बाकी सगळे आपल्या मनाचे रचून मला घडवले. त्यांच्या घोडेस्वाराच्या पिस्तुलात एकही गोळी नसते आणि हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसते. नुसत्या धाकावर तो गावची विहीर गुंडांच्या ताब्यातून सोडवतो. शेवटी पिस्तूल त्याच विहिरीत टाकून पायी चालू लागतो.

नायक झाले तालमीतले पैलवान गणपतराव. आखाड्यात भल्याभल्यांना लोळवणारा हा गडी घोड्याला मात्र भ्यायचा. घोडे आणले होते टांग्याचे. पठारावर चित्रीकरण चाले. घोडा भरधाव सुटायचा आणि चार माणसे एकत्र उभी दिसली की सवयीने थांबायचा.

"मास्तर, ह्यो सवारी घ्याला थांबलाय की!" गणपतराव वरून ओरडायचे आणि सगळे हसून हसून बेजार व्हायचे. नायकाचे उंच बूट चपलांच्या कारागिराने शिवले होते. ते कोल्हापुरी चपलेसारखेच करकर वाजायचे. माझे बालपण असे मजेत गेले.

शेवटचे निवेदन करायला एक नट यायचा होता, तो आलाच नाही. मग अंबादास स्वतःच ध्वनिमुद्रणाला उभे राहिले. पडद्यावर ते कुठेही दिसत नाहीत, पण माझ्या शेवटच्या डब्यात त्यांचा आवाज आहे. आहे म्हणतो मी. होता म्हणायला हवे.

कोल्हापूरच्या प्रेक्षकांनी मला काही पसंत केले नाही. नायक पिस्तूल रोखून नुसता उभा राहिला की मागून आरोळी यायची, "आरं, गोळी घाल की! का दिष्ट काढाय आणलंय पिस्तूल?" आठवडाभरात मला उतरवले. गडहिंग्लजच्या जत्रेत मात्र तंबूतल्या मुलांनी मला डोक्यावर घेतले. कागललाही माझे कौतुक झाले. मग मोठमोठ्या नटांचे चित्रपट आले आणि माझी कुणी आठवणही काढीना. मूळ निगेटिव्ह मुंबईच्या एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेत गहाळ झाली. जगात माझी ही एकच प्रत उरली.

त्याच सुमारास अंबादास हृदयविकाराने अचानक गेले. त्यांची मुलगी इरावती तेव्हा रांगत होती. घरात त्यांचे फोटो होते, त्यांनी काढलेली चित्रे होती. आवाज मात्र फक्त माझ्याकडे होता.

त्यांच्या पत्नी श्यामलाबाई बालवाडीत शिकवत. त्यांनी मला जिवापाड जपले. खंडेनवमीला तालमीत गदांची पूजा होते, शेतकरी विळ्या-कोयत्यांची करतो. श्यामलाबाई माझी करायच्या. डबे पाटावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायच्या, झेंडूची माळ घालायच्या. डबा मात्र कधी उघडायच्या नाहीत.

इरावती मोठी झाली, नोकरीला लागली. दर वर्षी पूजेच्या वेळी तिचा एकच हट्ट असायचा.

"आई, एकदा लावून बघूया की. मला बाबांचा आवाज ऐकायचाय."

"आणि मशीननं फाडलं म्हणजे? एकच तर आहे आपल्याकडं. असू दे जपलेलं."

मित्रांनो, आमच्या जातीच्या फितीला मोकळी हवा लागते. म्हातारपणी आमच्या अंगातून आंबूस वाफ सुटते. तिला वाट मिळाली नाही तर ती आम्हालाच खाऊ लागते. एका वर्षी श्यामलाबाईंना तो वास आला. त्यांना वाटले, ओल शिरतेय. त्यांनी मेणबत्त्या वितळवल्या आणि प्रत्येक डब्याची कड मेणाने बंद केली. वरून प्लॅस्टिक गुंडाळले आणि मला लोखंडी ट्रंकेत ठेवले. आत माझा जीव घुसमटत होता, आणि बाहेर त्या माऊलीला आपण नवऱ्याचा आवाज वाचवल्याचे समाधान होते. मी ओरडणार तरी कसा? मला बोलायचे तर यंत्र लागते.

यंदाच्या खंडेनवमीला एक डबा उचलताना त्याचे बूडच निसटले. पाटावर तपकिरी, चिकट पाणी सांडले. श्यामलाबाई पदराने ते टिपू लागल्या. इरावतीने लगेच पुण्याला फोन केला. जुन्या फिती दुरुस्त करणारा अभिराम नावाचा तरुण आपले यंत्र घेऊन आला. गणपतरावही काठी टेकत आले.

अभिरामने एकेक डबा उघडला. बहुतेक डब्यांत मी गुळाच्या ढेपेसारखा घट्ट झालो होतो.

"काकू, ह्याला बंद ठेवायचं नसतं," तो हळूच म्हणाला. "मधूनमधून उघडलं असतं, चालवलं असतं, तर राहिला असता."

शेवटच्या डब्यातली थोडी फीत त्याने फार जपून सोडवली आणि यंत्रावर चढवली. चित्र सगळे वितळले होते. कडेची आवाजाची पट्टी तेवढी तग धरून होती. खरखर झाली. मग करकर वाजणारी पावले ऐकू आली.

"माझं बूट!" गणपतरावांचे डोळे भरले. "वैनी, आता मास्तर बोलणार बगा."

इरावती पुढे झाली. कुणीतरी घसा खाकरला. मी सगळे बळ एकवटले, आणि तिथेच तुटलो. पुढची फीत चुरा होऊन अभिरामच्या हातात आली.

"तेच," श्यामलाबाई पुटपुटल्या. "बोलायच्या आधी असंच खाकरायचे."

"आणि मग कसं बोलायचे, आई? तू सांग. आवाज जाड होता की बारीक?"

श्यामलाबाईंनी तोंड उघडले, मिटले. पुन्हा उघडले.

"नाही गं आठवत," त्या रडू लागल्या. "डब्यात आहे म्हणून मी कधी आठवलंच नाही."

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचे प्रेम आहे ते कुलपात ठेवून त्याची पूजा करू नका. ते काढा, वापरा, पाहा, ऐका. झिजले तर झिजू द्या. झिजलेल्या वस्तूची निदान कुणाला तरी आठवण राहते.

इरावतीने ते खाकरणे मोबाइलमध्ये उतरवून घेतले आहे. कामावरून आली की ती माझ्याजवळ बसते आणि ते लावते. दर वेळी तिचे बाबा आता बोलणार, असे वाटते, आणि दर वेळी ती थोडा वेळ थांबते.