बोटभर जास्त

आमच्या ह्यांना कात्री धरून सव्वीस वर्षं झाली, आणि शर्टांच्या ज्या कारखान्यात ती धरली त्याला कुलूप लागून अडीच महिने. ते अडीच महिने नेमके उन्हाळ्याचे. उन्हाळ्यात नोकरी शोधायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. ज्याच्या हातात निर्णय तो सुट्टीवर, आणि जो जागेवर असतो त्याच्या हातात फक्त पंख्याचं बटण. "साहेब आले की या," हे सांगायला मात्र सगळीकडे कोणीतरी बसवलेलं असतं.

हे रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि दुपारी घामाघूम होऊन परत यायचे. काय झालं, हे विचारणं मी कधीच सोडून दिलं होतं. चपला काढण्याच्या आवाजावरूनच कळायचं.

माझ्या धाकट्या भावाचं दुसऱ्या गावात फरशांचं गोदाम आहे. त्याने निरोप धाडला होता, "दाजींना राखणीला बसू दे. उन्हाळा संपायच्या आत कळवा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो." ते ऐकून हे भरल्या ताटावरून उठले. "मेव्हण्याच्या दारात बसून राहू? कापड कापणारा माणूस आहे मी!" मला भावाचा राग आला आणि ह्यांचाही. पण ह्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात एका कारखान्यातून बोलावणं आलं. मालकीणबाई म्हणाल्या, एक शर्ट कापून दाखवा, आम्ही लगेच शिवून बघू. आदल्या दिवशी ह्यांना उन्हाने चक्कर आली होती, म्हणून मीही बरोबर निघाले.

"लोक हसतील," हे म्हणाले.

"हसू देत. पडलात तर उचलायला मीच लागते."

तिथलं टेबल लांबलचक, आणि वर तापलेला पत्रा. ह्यांनी कापड पसरलं, तळहाताने सुरकुत्या काढल्या, खडू उचलला, आणि अडीच महिन्यांनी मला माझा नवरा दिसला. पाठ, खांदा, बाही, एकही रेघ दुसऱ्यांदा मारली नाही. मशीनवरच्या बायका माना वर करून बघायला लागल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि तेव्हाच मला चूक दिसली.

जुन्या कारखान्यात कोरं कापड यायचं. धुतलं की आटायचं, म्हणून हे प्रत्येक तुकडा बोटभर मोठा ठेवायचे. मोजून नव्हे, हात आपोआप बाहेर सरकायचा. लग्नाआधी मी तिथेच काजं करायचे, म्हणून मला ठाऊक. इथल्या कापडाच्या ठाणावर मात्र 'धुतलेलं कापड' अशी चिठ्ठी लावलेली होती, अगदी माझ्या डोळ्यांसमोर. आणि खडू बोटभर बाहेरून चालला होता.

एरवी मी गप्प बसणारी बाई नाही. घरातलं घड्याळ थांबेल पण हिचं तोंड थांबणार नाही, असं हेच म्हणतात. पण कापणाऱ्याला त्याच्या टेबलावर, दहाजणींसमोर, बायकोने टोकायचं? माझी जीभ उचलेना. ह्यांनी कात्री चालवली.

तासाभराने शर्ट शिवून आला. मालकीणबाईंनी तो पुतळ्यावर चढवला. खांदे उतरले होते, बाह्या लोंबत होत्या.

"हात सुंदर आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या, "पण माप मोठं झालंय."

"धुतल्यावर बसेल, बाई."

"आमचं कापड धुऊनच येतं, मास्तर. चिठ्ठी आहे ना त्यावर."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. बाई खरंच भल्या. "पुन्हा कापा, घाई नाही," म्हणाल्या.

ह्यांनी पुन्हा कापड पसरलं. ह्या वेळी टेपने जागोजागी मोजलं, दोनदा मोजलं, आणि रेघा अगदी मापात आखल्या. मी जीव मुठीत धरून बघत होते. मग कात्री हातात आली आणि रेघ सोडून बोटभर बाहेरून निघाली. अर्धी पाठ कापून झाल्यावर ह्यांच्या लक्षात आलं. ते थांबले. कात्री अलगद टेबलावर ठेवली. "नको बाई, तुमचं कापड वाया जातंय," एवढंच बोलले आणि बाहेर पडले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही टेकलो. हे म्हणाले, "पहिल्या वेळी तुला दिसलं होतं का गं?"

"छे! मला कुठलं कळतंय त्यातलं?"

"हं. मग कोणालाच दिसलं नसतं."

त्यांना जरा बरं वाटलं असावं. मला रडू आवरेना, म्हणून मी घाम पुसायचं निमित्त केलं.

घरी आल्यावर त्यांनी फोन मागितला आणि माझ्या भावाचा नंबर स्वतः लावला. आमच्या लग्नात तो पाच वर्षांचा होता. ह्यांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं, त्याची शाळेची पहिली चड्डी कापून दिली, आणि आजवर 'काय रे'शिवाय कधी हाक मारली नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

फोन उचलला गेला तसे हे खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल त्या दिवसापासून येतो."