पहिला मार मालकाचा

नोकराला धाकात ठेवलं नाही तर तो डोक्यावर बसतो, असं आपल्याकडचे बरेच मालक म्हणतात. जे म्हणत नाहीत, तेही मनात तेच घोकत असतात. बुऱ्हाणपूरचा निरंजन मात्र मनात ठेवणाऱ्यातला नव्हता. तो बोलायचाही आणि हातही चालवायचा.

त्याचे वडील निंबा स्टेशनबाहेर गाडीवर कच्च्या केळ्याचे वडे तळायचे. त्या एका गाडीची आता पाच दुकानं झाली होती. 'निंबा केळवडा' म्हटलं की खंडव्यापासून रावेरपर्यंत लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. नवं दुकान उघडताना या घरात फीत कापत नसत. नव्याकोऱ्या झाऱ्याला हळदकुंकू लावायचं, निरंजनने तो मॅनेजरच्या तळहातावर सटकन हाणायचा आणि मग त्याच्याच हाती द्यायचा. "पहिला मार मालकाचा!" असं सगळे ओरडायचे, टाळ्या पिटायचे, फोटो काढायचे. निंबाने निरंजनला असंच मारून धंदा शिकवला होता म्हणे, त्याची ही आठवण!

एके दिवशी बुऱ्हाणपुरातल्याच लोधीपुऱ्याच्या दुकानात कढईतला एक वडा फुटला. तळणारा कडू पंधरा वर्षांपासूनचा जुना कारागीर. निरंजनने त्याच्या हातातला झारा हिसकावला आणि त्याच्याच मनगटावर घातला. हाड वाजल्याचा आवाज गिऱ्हाइकांनाही ऐकू गेला.

"आंधळा झाला का रे? बेसन पातळ झालंय, दिसत नाही?"

कडू मनगट छातीशी धरून खाली बसला. कोपऱ्यात केळी सोलत बसलेली निरंजनची आई गोदाबाई मात्र विळी बाजूला सारून उठली.

"निरंजन, लाज वाटत नाही तुले? बापाच्या वयाचा माणूस आहे तो!"

"आई, तू यात पडू नको. बाबांनी मला असंच शिकवलं. त्या मारानेच एका गाडीची पाच दुकानं झाली."

"मारानं झाली हे तुले कोणी सांगितलं?" गोदाबाईने विचारलं. पण निरंजन केव्हाच गल्ल्यावर जाऊन बसला होता. खरं ऐकायचं नसलं की मालकाला नेमकं तेव्हाच काम आठवतं.

पुढच्याच आठवड्यात नेपानगरला सहावं दुकान उघडलं. मॅनेजर झाली निरंजनची मुलगी निशा. बापाचा जीव होता पोरीवर, पण रीत ती रीत! झारा तळहातावर बसला तशी निशा कळवळली. सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून तीही हसली. "अब बन गई मालकीण!" कोणीतरी ओरडलं. निरंजनची छाती अभिमानाने फुगली.

महिना उलटला नाही तोच भर दुपारी तिचा फोन आला. "पप्पा, जल्दी या. हे लोग मला मारून टाकतील!"

निरंजनने आईला बरोबर घेतलं आणि गाडी हाणली. दुकानापुढे गर्दी, काचांचा खच. आत समाधान नावाचा तरणा गडी बाकाच्या फळीने काउंटर फोडत होता. भिंतीशी त्याची बहीण शीतल नळाखाली हात धरून रडत होती. ती इथेच वडे तळायची. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलली होती आणि त्यावर झाऱ्याच्या भोकांची नक्षी उठली होती. फ्रिजच्या आडोशाला निशा अंग चोरून उभी होती. समाधानला रोखायला पुन्हा उकळत्या तेलात बुडवलेला झारा तिच्याच हातात.

"माझ्या पोरीवर हात टाकतो?" निरंजन धावला.

"आणि एका फुटक्या वड्यापायी तुझ्या पोरीनं माझ्या बहिणीवर टाकला तो काय आशीर्वाद होता?" समाधान गरजला आणि त्याने फळी घातली. निरंजनच्या खांद्यातून कळ गेली, शर्टावर रक्त उतरलं. डोळ्यांत खून चढला त्याच्या! निशाच्या हातातला झारा त्याने मिळेल तिथून ओढला आणि उगारला. त्याच क्षणी त्याचाच तळवा चर्रकन भाजला. पातं अजून तापलेलं होतं. तरी तो सोडेना.

गोदाबाई दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"मार! आधी मले मार! तुझ्या बापानं मारलंय, तू का मागे राहतो?" तिने पदर सारून दंड दाखवला. तिथेही तीच नक्षी होती, जुनी, पांढरी पडलेली. "शिकला होतास ना तू मारानं? मार खाऊन तापात पडला होतास तू. 'आई, मले गाडीवर नको पाठवू,' एवढंच बरळत होतास. अन् गाडीला रांग कधी लागली, आठव! बापाच्या अंगावरून वारं गेलं, त्याचा हात उचलेना, तेव्हा. तू अन् मी तळायचो. कोणी कोणाला मारत नव्हतं, म्हणून वडा बिघडत नव्हता. भ्यालेला हात कापतो रे, अन् कापणाऱ्या हातातून वडा फुटतो!"

निरंजनचा हात वरच राहिला. समोर शीतलने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. बापापुढे तोही असंच झाकायचा!

मागून निशा रडत म्हणाली, "पप्पा, मी तर तुमच्यासारखंच केलं. मला वाटलं, दुकान असंच चालवतात."

अरे देवा! फळीने झालं नव्हतं ते या वाक्याने झालं. निरंजनच्या हातून झारा गळून पडला. "चुकलो मी," तो ओक्साबोक्शी रडू लागला. "पोरीच्या हाती मी काय दिलं हे!" समाधानच्या हातातली फळीही आपोआप खाली आली.

शीतलला दवाखान्यात निशानेच नेलं. डॉक्टरांना आणि पोलिसांना तिने खरं ते सांगितलं. "सांभाळून घेऊ, पोलिसांत ओळख आहे," असं सांगायला दोघेतिघे आले, त्यांना निरंजनने दारातूनच परत पाठवलं. मग तो कडूच्या घरी गेला. प्लास्टर घातलेल्या त्या हातापुढे त्याने डोकं टेकवलं.

नेपानगरचं दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी लोक सवयीने मोबाइल काढून उभे राहिले. निरंजनने कडूला पुढे बोलावलं आणि कढईतून निघालेला पहिला वडा त्याच्या हातावर ठेवला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. काय करायचं ते कोणाला सुचलंच नाही.

शीतलही आली होती, हाताला पट्टी. निरंजनने तिच्यापुढे हात जोडले.

"मले तुमची माफी नको," ती म्हणाली. "झारा कढईत राहू द्या, एवढं करा."

मालकांनो, आईबापांनो, गुरुजनांनो, मार खाऊन आपण घडलो असं अभिमानाने सांगताना जरा थांबा. आपण घडलो ते मारामुळे नव्हे, मार सोसूनही घडलो. तो मार आपल्यापाशीच संपवा, लेकरांच्या हाती देऊ नका!