टेकडीवरचं जेवण

उभ्यानेच बोलतोय, कारण बसायची सोय माझ्या घडणीतच नाही. मी एक टेबल आहे. जेवणाचं नव्हे, लढाईचं. आठ फूट लांब, चार फूट रुंद, आणि फासे घरंगळून खाली पडू नयेत म्हणून चारही बाजूंनी चार बोटं उंच काठ.

माझा मालक चष्म्याची भिंगं घासतो. दिवसभर लोकांच्या नजरा दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी स्वतःचे डोळे ताणून बोटभर उंचीच्या खेळण्यातल्या शिपायांचे कोट रंगवायचे, हा त्याचा छंद. मला त्यानेच बनवलं. माझ्या मधोमध थर्माकोलची टेकडीही त्यानेच उभी केली. दर रविवारी त्याचा मोठा भाऊ, शाळेत गणित शिकवणारा दादा, खेळायला यायचा. फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं, शिपाई सरकवायचे. एकेका डावाला महिना लागायचा. माणसांना एवढा वेळ कुठून मिळतो, देव जाणे.

दोन वर्षांपूर्वी दादाचं घोडदळ टेकडीपर्यंत पोचतं की नाही, यावरून दोघांची जुंपली.

"पट्टी पुढे सरकवलीस तू," मालक म्हणाला.

"मी? मला मोजायला शिकवतोस, बारक्या? यापुढे या टेबलापाशी बसणार नाही!" दादा ताडकन उठला आणि गेला.

तेव्हापासून दोघांत अबोला. डाव मात्र मालकाने मोडला नाही. मोडला असता तर दादा म्हणाला असता, हरत होता म्हणून मोडला. त्यामुळे दोन वर्षं मी दोन थिजलेल्या फौजा अंगावर घेऊन धूळ खात उभा राहिलो. खरं सांगतो, जीव नकोसा झाला होता.

वर्षअखेरच्या सुट्टीत सगळ्या कुटुंबाचं जेवण दादाकडे व्हायचं. गेली दोन वर्षं मालक गेला नव्हता. मालकीण मुलांना घेऊन एकटीच जाऊन यायची. यंदा वहिनीचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून मालकिणीने सगळ्यांना इकडेच बोलावलं. दोघा भावांनी एकदा तरी समोरासमोर बसून जेवावं, एवढंच तिच्या मनात होतं.

"अहो, हे आवरा आता."

"डाव मोडायचा नाही."

"मग चौदा माणसं काय मांडीवर ताटं घेऊन जेवणार?"

शेवटी माळ्यावरचं जुनं भलंमोठं दार काढून माझ्या काठांवर आडवं टाकलं. खाली लढाई, वर चादर. फाशांच्या डब्यांत मीठ-मिरपूड गेली, ब्रश धुवायच्या पेल्यांत चमचे. लढाईच्या पट्टीने मालकिणीने माणशी दीड फूट जागा आखली. चूक एकच झाली. टेकडी काठापेक्षा बोटभर उंच होती. भिंगातला केसाएवढा फरक ओळखणाऱ्या माणसाला आपल्याच घरातली टेकडी दिसली नाही. रिकामं दार तिच्यावर शहाण्यासारखं तोलून राहिलं होतं, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही.

पाहुणे आले. दादाही आला, पण खिडकीशी उभा राहिला. "मला भूक नाही. तुम्ही बसा." मालकाच्या समोरची खुर्ची रिकामीच राहिली. मालकीण त्या खुर्चीकडे बघत बाकीच्यांना वाढू लागली. मलाही वाईट वाटलं.

तेवढ्यात दोघांच्या बहिणीने सूपचं मोठं पातेलं आणून मालकापुढे ठेवलं. दार त्याच्या बाजूला कलंडलं. भाजलेले बटाटे घरंगळत निघाले, मागोमाग पातेलं.

"दादा, दाब! तिकडून दाब!" मालक ओरडला.

दादाने झेप घेतली आणि रिकाम्या खुर्चीपुढे दोन्ही हात रोवले. पातेलं थांबलं.

"सोडू नकोस हं."

"सोडत नाही रे. पण बटाटे सगळे तुझ्याकडेच आले की!"

चौदा माणसं पोट धरधरून हसली. हात काढले की दार कलंडायचं, तेव्हा दादाला बसावंच लागलं. एक कोपर दारावर दाबून तो जेवला, आणि दोनदा मागून घेतलं. मालकीण स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. त्या दिवशी माझ्या पायांवर काय भार पडला असेल ते विचारू नका, पण तक्रार करावीशी वाटली नाही.

जेवणानंतर दोघांनी मिळून दार उचललं. टेकडीचा माथा जरा चेपला होता, उतारावरचे शिपाई जागच्या जागी होते.

"चाल तुझी आहे, दादा. तुझं घोडदळ पोचलं होतं."

"छे रे, बोटभर कमीच होतं. तूच कर चाल."

"तू मोठा, तू कर."

"तू लहान, तू कर."

आता दादा पुन्हा दर रविवारी येतो. दोघं चहा घेऊन माझ्याजवळ बसतात, एकमेकांना चाल देऊ करतात आणि गप्पा मारून उठतात. शिपाई एक बोटही सरकलेला नाही. मी तुमच्या पाया पडलो असतो, पण वाकता येत नाही. त्या दोघांना कुणीतरी सांगा, एकाने हरावं, एकाने जिंकावं, आणि या म्हाताऱ्याच्या अंगावरची ही फौज एकदाची खाली उतरवावी.