पाठीला पाठ

बेटावरच्या त्या नव्या रिसॉर्टची ऐट अशी, की बांधताना एकही झाड तोडलं नाही. आणि ते खरंही होतं. जेवणाच्या दालनाच्या छतातून एक जुनं झाड सरळ आभाळात गेलं होतं. भिंती नव्हत्याच, तीन बाजूंना समुद्र. खाली काय अंथरायचं यावर मात्र बरीच खलबतं झाली, आणि त्यात बेटावरच्या एका विणकर घरातल्या धाकट्या सुनेनं बाजी मारली.

"आमच्या बेटावरच्या बायकांनी विणलेली चटई घाला," धाकटीनं रिसॉर्टच्या मालकीणबाईंना तोंडावर सांगितलं. "गालिचे काय, कुठेही मिळतात."

"ठीक आहे. आधी या दालनाची विणा," मालकीणबाई म्हणाल्या. "जमली तर सगळ्या खोल्यांचं काम तुम्हा बायकांना. नाही जमली, तर गालिचा आणून ठेवलेलाच आहे."

एवढी मोठी चटई एकटीच्यानं होत नाही. बेटावर अशी चटई दोघीजणी विणतात, दोन टोकांनी सुरुवात करून, मधल्या मोकळ्या जागेकडे पाठ करून, मागं मागं सरकत. धाकटीच्या तोडीची विणकरीण एकच, तिची थोरली जाऊ. आता आली का पंचाईत! सासू गेल्यापासून दोघींचा अबोला होता. कारण विचाराल, तर थोरलीनं चारचौघींत धाकटीच्या चटईला चाळण म्हटलं होतं. एवढंच! पण ते धाकटीच्या फार मनाला लागलं होतं.

तरी थोरली आली. "कामापुरती आलेय," असं तिनं खांबाला सांगितलं. "काम सोडून कोण काय बोलतंय?" असं धाकटी झाडाला म्हणाली. मग केतकीच्या पानांच्या पट्ट्या सरासर चालू लागल्या. दोघी एकमेकींकडे पाठ करून रोज थोड्या थोड्या जवळ येत होत्या, पण मान वळवून बघेल कोण? अखेर पाहुणे यायचे त्याच दिवशी दुपारी एकीची पाठ दुसरीच्या पाठीवर धाडकन आपटली.

"डोळे नाहीत का गं?" म्हणत थोरली वळली. धाकटीही वळली, आणि दोघींच्या तोंडचं पाणी पळालं.

धाकटीची वीण एका अंगाला कललेली, थोरलीची बरोबर उलट. थोरली डावखुरी! सगळ्या घराला ठाऊक असलेली गोष्ट. पण सासू होती तोवर मोठ्या चटईला सासू आणि धाकटीच बसायच्या. डावखुरी म्हणून थोरलीच्या वाट्याला कायम लहान चटया, त्याही कोपऱ्यात एकटीनं विणायच्या. त्यामुळे दोघींच्या विणी कधी समोरासमोर आल्याच नव्हत्या.

मॅनेजर धावत आला. माणूस भला, पण भित्रा. "हे जुळत नाहीये हो! गालिचा उलगडायला सांगू का?"

धाकटीला रडू फुटायचंच बाकी होतं. बेटावरच्या बायकांना आता कोणत्या तोंडानं सांगायचं? ती उठून पायरीवर जाऊन उभी राहिली. तिथून सगळं दालन एका नजरेत आलं, आणि ती ओरडलीच.

"जाऊबाई, अहो, ही झावळी आहे! माडाची झावळी! तुमची पानं त्या अंगाला, माझी या अंगाला. मधे फक्त दांडा हवा!"

थोरली पायरीवर आली. तिनंही वरून सगळं बघून घेतलं. मग तिनं पदर खोचला. "दांडा जाड घालू, तिपेडी. आणि समोर बस माझ्या. हे काम पाठ फिरवून व्हायचं नाही."

दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. पट्टी हिच्या हातातून तिच्या हातात, तिच्यातून हिच्या. बोलल्या फक्त "ओढ" आणि "धरा" एवढंच, पण अबोला मोडला तो मोडलाच.

संध्याकाळी लाँच लागली. पाहुणे पायऱ्या चढून आले आणि जागीच थबकले. झाडाच्या बुंध्यापासून समुद्रापर्यंत एक अख्खी झावळी पसरली होती. कुणी न सांगता सगळ्यांनी पायातलं काढलं.

"हे तर मला कुणी सांगितलंच नव्हतं!" मालकीणबाईंना आनंद लपवता येईना. "प्रत्येक खोलीत हीच वीण हवी मला. कल्पना कुणाची?"

"हिची," थोरली म्हणाली. "हिच्यासारखी विणकरीण बेटावर दुसरी नाही."

धाकटी पायऱ्यांवर धावली आणि धक्क्यावर ताटकळलेल्या बायकांना ओरडून म्हणाली, "मिळालं गं! सगळ्या खोल्यांचं काम आपल्याला मिळालं!"

खाली एकच गलका झाला. त्याच्याही वर थोरलीचा आवाज चढला.

"आणि डावखुऱ्या कोण कोण आहात? आधी त्यांनी पुढे या!"

गर्दीतून चटाचट हात वर झाले, सगळे डावे.