मालिकेत नसलेला मामा

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत दोघी जणी काम करत. एक कपड्यांना इस्त्री करायची, दुसरी तुटलेली बटणं लावायची. इस्त्रीवालीच्या जिभेला हाड नाही, असं मालकाचं मत होतं. ती ते कौतुकच समजायची.

टीव्हीवर रोज संध्याकाळी मुलींच्या एका बँडची मालिका लागायची. तिच्यातली गाणी ज्याच्या त्याच्या तोंडी होती. बटणवालीच्या घरी मात्र टीव्ही नव्हता. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, आणि पडद्याच्या हलत्या उजेडाने त्यांचं डोकं दुखायचं, म्हणून तिने तो देऊन टाकला होता. मग रोज सकाळी इस्त्रीवाली तिला आदल्या दिवशीचा भाग सांगायची. नुसती सांगायची नाही, करून दाखवायची. हातात हँगर घेऊन तो माईक समजायची, आणि शीर्षकगीत दोघी मिळून म्हणायच्या. सूर गेला खड्ड्यात!

एकदा मालिका चालू असतानाच इस्त्रीवालीचा डोळा लागला. पण "मला झोप लागली" असं कबूल करणाऱ्यांतली ती नव्हे. दुसऱ्या दिवशी तिने ठोकून दिलं की गायिकेचा एक मामा आलाय, ड्रम वाजवतो, आणि घरात भांडण सुरू झालं की ते थांबेपर्यंत वाजवतच राहतो. बटणवाली इतकी हसली की सुई बोटात गेली. पुढच्या सकाळी आल्या आल्या तिने विचारलं, "मामाचं काय झालं?" झालं, मामा मुक्कामालाच आला. चांगला पाच महिने राहिला. खरं सांगायचं तर मालिकेतल्या कोणाहीपेक्षा तोच भारी होता.

मग शेवटचा भाग आला.

"आज भाऊ बाबांजवळ बसणार आहे," बटणवाली म्हणाली. "मी तुझ्याकडे येते बघायला. मामाला एकदा या डोळ्यांनी बघू दे."

इस्त्रीवाली इस्त्री उचलायलाच विसरली. हातातल्या शर्टाची कॉलर करपली. आपण हिला पाच महिने फसवलं, असंच ही म्हणणार. उद्यापासून तोंड फिरवून बसेल, आणि सकाळची ही मैफल गेली तर नुसत्या इस्त्रीत राहतं काय? तरी ती म्हणाली, "ये की. सात वाजता ये."

संध्याकाळी तिघी कोचावर बसल्या, तिसरी इस्त्रीवालीची नणंद. बँडने पहिलं गाणं धरलं, तशी तिघींनी बिनधास्त गळा काढला. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. ड्रमवर एक पोरगी होती. मग जाहिराती लागल्या.

"मामा कुठाय?" बटणवालीने विचारलं.

"कोण मामा?" नणंद म्हणाली. "वहिनी, यात मामा कधी होता?"

इस्त्रीवालीने सारवासारव करायचा नाद सोडला. मग सरळ सांगून टाकलं. "नव्हता. मी केला. त्या दिवशी मला झोप लागली होती. चिडायचं तर चीड, पण मामा चांगला होता की नाही?"

बटणवालीने रिमोट घेऊन आवाज बंद केला.

"मी रोज घरी जाऊन बाबांना सांगते," ती म्हणाली. "बाकी कोणाची नावंसुद्धा त्यांच्या लक्षात राहत नाहीत. फक्त मामा राहतो. आज निघताना म्हणाले, शेवट नीट बघून ये."

इस्त्रीवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चल, मी येते तुझ्याबरोबर. मीच सांगते त्यांना शेवट."

"तू नको सांगूस, घोटाळा होईल." बटणवालीची मान खाली गेली. "तुझ्या गोष्टीत मामा एकटाच आहे. बाबा सारखे म्हणायचे, एवढा चांगला माणूस, त्याला एकटं ठेवू नये. म्हणून गेल्या महिन्यात मी माझ्या गोष्टीत त्याचं लग्न लावून दिलं."

"मुलगी कोण?" नणंदेने विचारलं.

बटणवाली कानांपर्यंत लाल झाली.

"अगं, म्हणजे तूच?" इस्त्रीवाली ओरडली.

"बाबा त्या दिवशी पोटभर जेवले गं," एवढंच ती म्हणाली.

इस्त्रीवालीला भरून आलं. पण रडेल ती कसली? तिने मैत्रिणीला दंडाला धरून उठवलं. "पाच महिने मी त्याला पोसला, आणि लग्नाला मलाच बोलावणं नाही! ऊठ. तुझे बाबा वाट बघत असतील. जावईबापूंचं पुढे काय करायचं ते वाटेत ठरवू."

नणंदेनेही चपला घातल्या. मालिकेचा शेवट तिघींपैकी कोणीच पाहिला नाही.