खाडीकाठच्या विहिरीचं पाणी

राधाबाईनं बाटलीचं बूच काढलं, पेल्यात पाणी ओतलं आणि गणपतसमोर सरकवलं. "पी."

पाणी कुठलं, ते गणपतला विचारायची गरज नव्हती. आक्का नुकतीच पेणकडून परतली होती, आपली नवी जमीन पहिल्यांदा बघून.

लालबागच्या चाळीत राधाबाईची खाणावळ. नवरा गेल्यापासून गिरणीतल्या एकट्यादुकट्या गाववाल्यांना भाकऱ्या घालता घालता गुडघ्यांची पार वाट लागली होती. खाडीकाठी थोडी पडीक जमीन घ्यावी, खोपटं बांधावं, चार मिरच्या लावाव्यात, एवढंच तिचं मागणं. त्यासाठी हातातल्या पाटल्या मोडल्या. खाणावळ सोडून तिला हलता येईना, म्हणून बघायला धाडलं धाकट्या भावाला, गणपतला. निघताना बजावलं होतं, "वाट कुणाच्या शेतातून जाते ते विचार. कूळ लागलंय का बघ. दलालाचं ऐकू नको, शेजाऱ्याचं ऐक. आणि बाबा, विहिरीचं पाणी चाखल्याशिवाय येऊ नको. खाडी जवळ आहे."

आता गणपत काही कामचुकार नव्हे हं! वाट विचारली, तलाठ्याला भेटला, उन्हातान्हात बांध पालथे घातले. घोडं अडलं ते विहिरीपाशी. दोर-बादली शेजारच्या रखमाची. तिच्या भिंतीवर बुद्धाची नवीकोरी तसबीर होती, ती गणपतला दारातूनच दिसली. रखमानं विहिरीतून तांब्या भरून आणला. "दादा, आधी घोटभर पाणी घ्या, मग जमिनीचं बोला." दलालासमोर ती बिचारी आणखी काय सांगणार? ऊन मी म्हणत होतं, घसा कोरडा ठाक पडला होता. पण दलाल जगदीश पलीकडेच उभा. तो गणपतच्याच भावकीतला, आणि त्याचं तोंड म्हणजे दवंडी!

"नको," गणपत म्हणाला, "तहान नाही."

आणि हाच गडी मागच्याच महिन्यात, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर अश्रुधूर सुटला तेव्हा, परळच्या बौद्ध पोरांच्या कळशीतलं पाणी घटाघटा प्यायला होता! मुंबईत चालतं हो. तिथं कोण बघतंय?

घरी आल्यावर आक्कानं पहिलं तेच विचारलं. "पाणी?"

"गोड आहे." बाकी सगळं चोख निघालं, मग पाणीच तेवढं कशाला वाईट असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. त्याच्या शब्दावर आक्कानं जमीन घेतली. पण तेव्हापासून आक्काचे पाटल्यांविना ओकेबोके हात ताटात भाकरी वाढू लागले की त्याला घास गिळवत नसे.

आज त्यानं पेला तोंडाला लावला. खारट! थुंकायचीही सोय नव्हती, आक्का बघत होती. त्यानं गिळलं. पावसानंतर गोड होतं, असं म्हणायचं जिभेवर आलं होतं. पण लाज वाटली.

"आक्का, मी चाखलंच नव्हतं."

"ठाऊक आहे. रखमा म्हणाली, तुमच्या भावाला तांब्या दिला होता, त्यांना तहान नव्हती."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती अगदी हळू बोलत होती. "पिण्याचं पाणी ती टेकडीपलीकडून डोक्यावर आणते रे. घरात पुरेसं नव्हतं, तरी मला पोटभर पाजलं."

"जमीन विकून टाकू," गणपत घाईघाईनं म्हणाला. "मी बघतो गिऱ्हाईक."

"त्यालाही गोड सांगशील?"

गणपतनं पेला खाली ठेवला.

"मी तिथंच जाणार," राधाबाई म्हणाली. "रखमाबरोबर पाण्याला जाईन."

"या गुडघ्यांनी?" तो बोलून गेला, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या टेकडीवर आक्काला आपणच चढवलं होतं.

"तू भाऊबीजेला ये. ओवाळीन, खायला घालीन. पाणी मात्र तिच्या कळशीतलं असेल, आधीच सांगते."

गणपतच्या डोळ्यांत पाणी आलं. "देईल ती मला?"

"तिनं तेव्हाच दिलं होतं, मेल्या," राधाबाई म्हणाली, आणि परात ओढून संध्याकाळच्या भाकऱ्यांचं पीठ मळायला बसली.