माझ्या माणसाला डोळे आले

मित्रांनो, मी पांढरी काठी आहे, तीही बऱ्यापैकी जुनी. रंगाचे पोपडे निघाले आहेत, खालचा लाल पट्टा विटला आहे आणि टोकाची लोखंडी टोपी एका बाजूने झिजली आहे. आंधळी माणसं रस्त्याने टकटक करत नेतात ना, त्यातलीच मी. माझी गोष्ट मजेची नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या माणसाला दृष्टी मिळाली आणि त्या दिवसापासून त्याचं काम, त्याचं घर आणि त्याची बायको एकेक करून त्याच्या हातून सुटायला लागली. मी हे सगळं दारावरच्या माळ्यावरून ऐकत होते. मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

मला एका सुताराने हलक्या लाकडातून घडवलं. त्याने माझ्या माणसाला समोर उभं केलं, छातीच्या हाडापर्यंत माप घेतलं आणि जास्तीचा तुकडा कापून टाकला. म्हणजे मी जन्मले तीच त्याच्या मापाची. सुरुवातीला मी त्याच्या मुठीत टोचायचे. तळव्याला घट्टे पडले, तो वैतागायचा. मग हळूहळू तो मला विसरला. मित्रांनो, रागावू नका, काठीला याहून मोठी शाबासकी नसते. मूठ माझ्या वरच्या टोकाला असायची, पण त्याला स्पर्श कळायचा तो खालच्या टोकाला. "इथे फरशी ओली आहे," तो म्हणायचा. काठी ओली झाली, असं कधी म्हणाला नाही. तुम्ही खडबडीत कागदावर पेन्सिल चालवता तेव्हा खरखर बोटांत जाणवते की कागदावर? करून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

तो कपबशांच्या कारखान्यात तपासनीस होता. भट्टीतून निघालेले कप त्याच्यासमोर यायचे. तो एकेक कप कानाला धरून उचलायचा, लाकडाच्या छोट्या खुंटीने हलकेच टिचकी मारायचा आणि ऐकायचा. कप अखंड असला तर ठण्ण वाजायचा. केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द यायचा, आणि तो कप बाजूला जायचा. डोळसांना ती चीर भिंगातूनही सापडायची नाही. फोरमन म्हणायचा, "हा कपाच्या कानाखाली वाजवतो आणि कप मुकाट्याने खरं बोलतो."

त्याची बायको तिथेच पॅकिंगला होती. कप कागदात गुंडाळून खोक्यात भरायचं तिचं काम. लग्नाआधी ती चांगला कप मुद्दाम परत पाठवायची, "हा जरा बघा, बद्द वाटतो," म्हणून. त्याला सगळं कळायचं. तो कप दोनदा वाजवायचा, उगाच विचार करायचा आणि म्हणायचा, "कपाला काही झालेलं नाही, पाठवणारीला झालंय." मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत असे. ते आमचे सुखाचे दिवस होते.

लग्नानंतर तो तिला आवाजावरून ओळखायचा, पावलांवरून ओळखायचा. साबण बदलला तरी सांगायचा. ती रडून आली असली तर तिने दार उघडताच त्याला समजायचं. पण तिला एक गोष्ट हवी होती. नवऱ्याने एकदा तरी आपल्याकडे बघावं. हे ती त्याला कधी बोलली नाही, फक्त धाकट्या बहिणीला बोलली. ही बहीण कॉलेजात पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवते, म्हणून घरातही सगळे तिला चेष्टेने मॅडम म्हणतात. मॅडमनेच डोळ्यांचा डॉक्टर शोधून काढला. जन्मापासूनचा मोतीबिंदू आहे, तो काढता येईल, डोळ्याचा मागचा पडदा शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाला. बायकोला आभाळ ठेंगणं झालं.

ऑपरेशननंतर पट्टी सोडली तेव्हा मी खुर्चीला टेकून उभी होते. डॉक्टरने विचारलं, "दिसतंय ना?" पुढे त्याने सांगितलं की समोर नुसती रंगांची सांडलवंड होती, काही हलणारं, काही स्थिर. त्यातल्या एका गुलाबी ठिपक्यातून आवाज आला म्हणून तो डॉक्टर असावा, असा त्याने अंदाज बांधला. पण सगळे श्वास रोखून थांबले होते. तो म्हणाला, "दिसतंय." मग टाळ्या वाजल्या. बायको रडली. आणि डॉक्टर निघता निघता म्हणाला, "आता ती काठी लांब ठेवा. नाहीतर डोळे कामाला लागायचे नाहीत."

त्याच संध्याकाळी बायकोने स्टुलावर चढून मला दारावरच्या माळ्यावर टाकलं. जुन्या चादरीत गुंडाळलं होतं, पण माझं टोक बाहेर राहिलं. शेजारी एक मोडकी सुटकेस आणि पंख्याची पाती. तिचा काही वाईट हेतू नव्हता. तिला वाटलं, आता हिचं काय काम?

काठीला डोळे कुठले, असं तुम्ही विचाराल. नाहीतच. पण मॅडमने त्याला एक सराव लावून दिला होता. जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं, मग हात लावून खात्री करायची. त्यामुळे त्याला काय दिसतं ते मला माळ्यावर ऐकू यायचं, आणि ऐकून माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. टेबलाची सावली त्याला खड्डा वाटायची. तो पाय उंच उचलून ती ओलांडायचा. खिडकीतून लांबच्या चिमणीचा धूर दिसला की तो पकडायला हात पुढे करायचा. रस्त्याच्या टोकाची बस त्याला खेळण्याएवढी दिसायची, मग ती फुगत फुगत अंगावर यायची, आणि तो ओरडून मागे सरायचा. ज्या कपावर त्याने आयुष्य काढलं तो कपसुद्धा ओळखेना. सरळ धरला की एक आकार, कलता केला की दुसरा. शेवटी तो डोळे मिटायचा, कपावरून बोट फिरवायचा आणि सुस्कारा टाकून म्हणायचा, "कप."

मॅडमने बहिणीला नीट समजावलं होतं. डोळा फक्त उजेड आत आणतो. त्या उजेडाचा कप करायचा की खड्डा, ते मेंदू ठरवतो. तान्हं बाळ वस्तू बघतं, धरतं, तोंडात घालतं, रांगत तिच्यापर्यंत जातं, आणि असं करत करत बघायला शिकतं. भावोजींच्या मेंदूने ते शिक्षण हाताने आणि कानाने घेतलं. आता या वयात डोळ्यांचं शिक्षण होईल, थोडं होईल, कदाचित पुरतं कधीच होणार नाही. बायकोने यातलं "होईल" तेवढं ऐकलं.

त्याने आपल्या परीने एक युक्ती काढली होती. बायको घरात लाल शाल पांघरायची. लाल दिसलं की ती आली, असं त्याने मनाशी पक्कं केलं. तिला वाटायचं, नवरा आपल्याला ओळखायला लागला. एका रविवारी मॅडम आली होती, शेजारची काकूही बसली होती. बायकोला हौस आली. ती म्हणाली, "आम्ही तिघी उभ्या राहतो, कुणी बोलणार नाही. मी कोण ते ओळखा." मॅडम नको म्हणत होती. पण ती लाल शाल तेव्हा मॅडमच्याच अंगावर होती, थंडी वाजते म्हणून तिने मघाशी घेतलेली, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याची पावलं मी ऐकली. तो चालत गेला, थांबला आणि मायेने म्हणाला, "ही."

मग काकू हसली आणि हसून झाल्यावर आपण का हसलो असं तिला झालं. बायको स्वयंपाकघरात गेली. मॅडम म्हणाली, "भावोजी, तुमची चूक नाही." पण भांड्यांचा आवाज एवढा मोठा होता की ते आत कुणाला ऐकू गेलं नसेल. त्या रात्री ती जेवली नाही.

कारखान्यातही तेच. मी तिथे नव्हते, पण संध्याकाळी दोघांची बोलणी होत, त्यातून समजायचं. उघड्या डोळ्यांनी त्याला ऐकू येईनासं झालं होतं. म्हणजे कान जागच्या जागी होते, पण समोर एवढं काही हलत आणि चमकत असायचं की टिचकीचा आवाज त्यात बुडून जायचा. नव्या कपांवर निळ्या बारीक रेघांची नक्षी होती. त्या रेघा त्याला चिरा वाटल्या. चांगले कप त्याने बाजूला काढले आणि खरे बद्द कप पुढे गेले. बायको ते पॅकिंगला पकडायची आणि गुपचूप मोडीत टाकायची. इतकी वर्षं त्याच्या शेजारी राहून तिचा कानही तयार झाला होता. मग त्याने डोळे मिटून काम करून बघितलं. फोरमनने हटकलं, "अरे, देवाने डोळे दिले ते झोपायला का?" सगळे हसले. डोळे येणं म्हणजे दुखणंच, याचं तर जरा जास्तच दुखतंय, असंही कुणीतरी म्हणालं. शेवटी डोळे स्थिरावेपर्यंत घरी बस, असा हुकूम निघाला.

त्या संध्याकाळी बायकोचा तोल गेला. ती दमली होती, दुखावलेली होती. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात डोळे उत्तम आहेत. तुम्हालाच बघायचं नाही. डोळे येऊनही तुम्हाला आंधळंच राहायचंय."

मला माळ्यावरून खाली उडी मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि तो घरभर मला शोधू लागला. कपाट उघडलं, दारामागे हात फिरवला, पलंगाखाली वाकला. शोधताना तो सवयीने बोलत होता. "हे चौकोनी. हे चमकतंय, आरसा असेल." मग तो दाराशी आला आणि त्याचा आवाज थेट माझ्या दिशेने आला. त्याने मान वर केली होती. "वर काहीतरी पांढरं आहे," तो म्हणाला. "लांबट. शेवटाला लाल." मित्रांनो, मी जीव मुठीत धरून थांबले. एवढी वर्षं त्याच्या बोटांचं टोक होते मी. तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "पाईप दिसतोय," आणि दार उघडून बाहेर गेला.

मी त्याला दिसले होते. त्याने मला ओळखलं नाही. मला हात लागता तर त्याने अंधारातही ओळखलं असतं. पण मी उंचावर होते आणि त्याला मी नुसती दिसत होते.

बाहेर जिना आहे. माझ्यासोबत तो हा जिना भरभर उतरायचा. आज तो पहिल्या पायरीच्या अलीकडे उभा राहिला तो उभाच. शेजारी येता जाता विचारत होते, "काय, हवा खाताय?" तो हो म्हणत होता. ऊन उतरलं, बायकोची पावलं जिन्यावर वाजली, तरी तो तिथेच.

"इथे काय करताय?" ती खालूनच म्हणाली. "उतरा की. दिसतंय ना सगळं?"

"दिसतंय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. बद्द आवाज कसा असतो ते मला तेव्हा माणसात ऐकू आलं. "काळे पट्टे दिसतायत. पिवळे दिसतायत. परत काळे. त्यातली पायरी कुठली तेवढं मला सांग. मी दुपारपासून बघतोय."

ती वर आली. त्याच्या शेजारी उभी राहिली आणि त्याच्यासारखीच खाली बघू लागली. मग पुटपुटली की कठड्याच्या सावल्या पडल्यात, पायऱ्यांवरून आडव्यातिडव्या गेल्यात. नंतर अगदी हळू म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला माझ्याकडे बघायचंच नाही."

"तू बोललीस की तू असतेस," तो म्हणाला. "गप्प झालीस की या रंगांतली तू कुठली, ते मला कळत नाही गं. मी रोज शोधतो."

स्टूल ओढल्याचा आवाज आला. चादर सुटली. तिने मला खाली घेतलं आणि त्याच्या हातात दिलं. मला वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं. कसलं काय. त्याची मूठ मऊ पडली होती. मी पुन्हा त्याच्या तळव्यात टोचू लागले. त्याने टोक टेकवलं, उघड्या डोळ्यांनी त्या पट्ट्यांकडे बघत, आणि त्याला माझंही काही समजेना. मी त्याच्या हातात असून नसल्यासारखी होते.

तेव्हा जिने त्याच्या दृष्टीसाठी एवढा आटापिटा केला होता, तीच म्हणाली, "डोळे मिटा."

त्याने मिटले. टोक पुढे सरकवलं, काठाशी अडखळलं, खाली गेलं, टेकलं.

"पायरी," तो म्हणाला.

ती रडत होती. ते ऐकून तो तिच्याकडे वळला आणि या वेळी बरोबर तिच्याकडे वळला.

मित्रांनो, यानंतर सगळं छान झालं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तो अजून घरीच आहे. डोळे कधी साथ देतात, कधी सावलीलाही खड्डा करतात, आणि पुढे काय, हे मॅडमलाही सांगता येत नाही. मी आता दाराशी असते. माझं टोक पुरतं झिजलं आहे, ते बदलायला कुणाला सुचलं तर बरं होईल. पण माझी विनंती माझ्यासाठी नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी म्हणालं की मला हे कळत नाही, तर त्याला "समोर तर आहे, दिसत नाही का?" असं म्हणू नका. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि त्याला काय दिसतंय ते विचारा. आणि कृपा करून लवकर विचारा. दुपारपासून जिन्यावर उभं राहणं फार वाईट असतं.